टाके दुखतायत असंच वाटत राहिलं

पहाटे साडेचारला लेक दूध पिऊन झोपायची आणि मी मात्र जागी, सगळं लक्ष पोटात काय चाललंय तिकडे. संडासला लागतेय असं जरा जरी वाटलं तरी हातपाय गार पडायचे. मग मी कूस बदलायचे, पाय घट्ट जुळवून घ्यायचे आणि ती भावना निघून जायची वाट बघायचे. गेली की सुटले म्हणायचे. आणि नेमकं तिथेच सगळं बिघडत होतं, कारण अडवून ठेवलेलं आत तसंच पडून राहतं, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे बाहेर येतं ते दगडासारखं असतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी पण कोणाला विचारलं नव्हतं.

मला बाळंतपणानंतर फिशर झालं होतं. म्हणजे संडासच्या जागेला भेग, चीर. ओठ किंवा टाच उलते ना, तशीच, फक्त अशा ठिकाणी की जिथून रोज जायचंच आहे आणि जिथली कातडी फार नाजूक, आणि नसा भरपूर.

डिलिव्हरी डिसेंबरमध्ये झाली, नॉर्मल, थोडं फाटलं म्हणून टाके घातले. माहेरी कराडला होते. चौथ्या दिवशी पहिल्यांदा संडासला गेले आणि आतून कोणी काच ओढत नेतंय असं झालं. तोंडात ओढणी कोंबून बसले होते कारण बाहेरच्या खोलीत पाहुणे होते बाळ बघायला आलेले. उठून आले, पाच-दहा मिनिटं जरा बरी गेली आणि मग ठणका सुरू झाला. हा ठणका ज्याला माहितीय त्यालाच माहितीय. जाताना जे दुखतं ते दोन-तीन मिनिटांचं असतं, नंतरचं मात्र तीन तास, चार तास, आतल्या आत कोणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं. बसवत नाही, उभं राहवत नाही, कुशीवर पडून राहायचं आणि त्यातच बाळ रडतंय, त्याला पाजायचंय.

सगळे म्हणाले टाके आहेत, दुखणारच. मलाही तेच पटलं. आई रोज विचारायची "टाके कसे आहेत गं" आणि मी म्हणायचे दुखतायत. तीन आठवडे मी असंच म्हणत होते. टाके केव्हाच भरत आले होते.

आता मागे वळून बघते तेव्हा लक्षात येतं की त्या घरात माझ्यासाठी जे जे प्रेमानं चाललं होतं त्यातलं बरंचसं माझं पोट घट्ट करत होतं. मी कोणाला दोष देत नाहीये, आई आणि थोरली मावशी रात्र रात्र माझ्यासाठी जागल्यात. पण जेवायला मऊ भात, तूप, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. पालेभाजी म्हणाल तर थोडीशी मेथी, बाकी पालेभाज्या बाळाला बाधतात म्हणून बंद, केळं बंद, पेरू बंद, संत्रं बंद कारण बाळाला सर्दी होते. आणि पाणी! मी तांब्या तोंडाला लावला की मावशी म्हणायची, "बाळंतिणीनं एवढं पाणी प्यायचं नसतंय बाई, पोट सुटतंय मग." अंगावर पाजणारी बाई, दुधातून एवढं पाणी जातंय, आणि वरून मोजून चार पेले पाणी. त्यात रोज लोहाची गोळी. लोहाच्या गोळीनं खूप जणींचं पोट घट्ट होतं आणि शी काळपट होते. ती गोळी गरजेचीच असते, आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात सुद्धा बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक असं सांगितलेलं आहे, बायकांचं रक्त कमी असतं म्हणून. पण तिच्यासोबत पाणी आणि चोथा पण वाढवावा लागतो हे सांगायचं राहून जातं.

तिसऱ्या आठवड्यात रक्त दिसलं. लालभडक, थेंब थेंब, आणि शी वर एक रेघ. मी इतकी घाबरले की दोन दिवस जेवलेच नाही नीट, जेवलं नाही तर जावं लागणार नाही असा हिशोब. कृपा करून हा हिशोब कोणी करू नका. कमी खाल्लं की कमी होते आणि जी होते ती अजून कडक.

त्या रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो पुण्यात होता. सात वर्षांचा संसार, आणि ही गोष्ट सांगताना माझा आवाज निघत नव्हता. तो म्हणाला मूळव्याध असेल, माझ्या ऑफिसात एकाला आहे, मी मेडिकलमध्ये विचारतो. शनिवारी येताना तो मूळव्याधीचं मलम घेऊन आला, पुढे लांब नळी असलेलं. ती नळी आत घालायची असं पाकिटावर लिहिलं होतं. मी प्रयत्न केला आणि त्यानंतर बाथरूमच्या फरशीवर किती वेळ बसून होते मला आठवत नाही.

तर हे आधी सांगते, कारण आपल्याकडे त्या भागातलं काहीही झालं की त्याला मूळव्याधच म्हणतात. मूळव्याध म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली येणं, त्यात रक्त जातं पण बऱ्याचदा दुखत नाही. भगंदर म्हणजे आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेला बोगदा, त्यातून पू-पाणी येत राहतं. आणि फिशर म्हणजे चीर, तिची खूण म्हणजे जाताना कापल्यासारखं दुखणं आणि नंतर तासन्‌तास ठणकणं. तिन्हीचे उपाय वेगळे. आयुर्वेदात फिशरसारख्या दुखण्याला परिकर्तिका म्हणतात, चहूबाजूंनी कातरल्यासारखं दुखतं ते, आणि हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रडू आलं होतं कारण कोणीतरी हे दुखणं हुबेहूब ओळखून त्याला नाव दिलेलं होतं.

मामांनी दुसरंच काढलं. एसटी स्टँडाजवळ भिंतीवर रंगवलेलं असतं ना, मूळव्याध फिशर भगंदर, ऑपरेशनशिवाय, एका दिवसात मुळापासून बरं, खाली मोबाईल नंबर. तिकडे नेऊ का म्हणाले. मी नाही म्हटलं, का नाही म्हटलं माहीत नाही, बहुतेक नुसत्या लाजेनं. आज वाटतं बरं झालं. तिथे कसलं इंजेक्शन देतात, काय लावतात, देणारा कोण शिकलेला आहे, काही कळायला मार्ग नसतो, आणि तो भाग असा आहे की तिथला स्नायू एकदा खराब झाला तर शी रोखून धरायची ताकद जाऊ शकते. मावशीनं एरंडेल दिलं दुधातून. त्यानं पाच-सहा जुलाब झाले आणि प्रत्येक वेळी आग. जुलाब पण चिरेला वाईटच, हे नंतर कळलं. कडक नको तशी पातळ पण नको.

दीड महिन्याची लस द्यायला बाळाला घेऊन गेलो त्याच दिवशी माझं पण चेकअप होतं. बाहेर गर्दी, आत आई शेजारी उभी, डॉक्टर मॅडम घाईत. त्यांनी विचारलं "बाकी काही त्रास?" आणि मी "नाही" म्हणाले. म्हणाले आणि उठले पण. दारापर्यंत जाऊन परत आले, त्यांच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि माझ्याच फाईलच्या मागे लिहिलं, संडासला जाताना खूप दुखतं, नंतर चार तास दुखतं, रक्त जातं, दीड महिना झाला. बोलता येईना म्हणून लिहिलं. त्यांनी वाचलं, आईला बाहेर बसायला सांगितलं, आणि म्हणाल्या, अगं मग पहिल्या आठवड्यात का नाही आलीस.

त्यांनी एका लेडी सर्जनकडे पाठवलं. मला वाटत होतं आता बोट घालून तपासणार, दुर्बीण घालणार, मी जाताना अक्षरशः थरथरत होते. त्यातलं काहीही झालं नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, दोन्ही बाजू हलकेच बाजूला करून नुसतं बघितलं आणि म्हणाल्या दिसली, मागे मधोमध आहे, आत्ता आत तपासायची गरज नाही, तुला त्रास होईल. एक मिनिटाच्या आत झालं. ज्या भीतीनं मी दीड महिना काढला ती तपासणी एका मिनिटाची होती. तुम्हाला जर फक्त तपासणीची भीती असेल तर जाऊन आधी सांगा की खूप दुखतंय, ताजी चीर असेल तर समजूतदार डॉक्टर बहुतेक वेळा नुसतं बघूनच निदान करतात.

मग त्यांनी कागदावर दोन गोल काढले, एकात एक. बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो, तो आपण आवळतो, सोडतो. आतला गोल स्नायू आपल्या ताब्यात नसतो, तो स्वतःच आवळलेला राहतो, झोपेत सुद्धा, म्हणून तर आपली शी गळत नाही. चीर पडली की हा आतला स्नायू दुखण्यामुळे अजून घट्ट आवळला जातो. चार तासांचा ठणका तो त्याचा. आणि तो एवढा आवळला की त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो, मागच्या मधल्या भागात तो मुळातच कमी असतो, त्यामुळेच बहुतेकांना चीर तिथेच पडते, काही बायकांना पुढच्या बाजूला पण पडते. रक्त पोचत नाही म्हणून जखम भरत नाही, भरत नाही म्हणून दुखतं, दुखतं म्हणून स्नायू आवळतो, आणि माणूस घाबरून अडवून ठेवतो, मग कडक होते, मग पुन्हा चिरते. मी या चक्रात सहा आठवडे फिरत होते. मॅडम म्हणाल्या, आपल्याला दोनच गोष्टी करायच्यात, शी मऊ ठेवायची आणि तो स्नायू सैल करायचा, जखम तुझं शरीर भरणार आहे.

मऊ करण्यासाठी रात्री लॅक्ट्युलोजचं पातळ औषध आणि इसबगोल. इसबगोल आमच्या घरी होतं पण आम्ही ते चुकीचं घ्यायचो, चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी. ते पाणी धरून फुगतं, पाणीच दिलं नाही तर उलट घट्ट होऊन बसतं, आणि कोरडं घेतलं तर घशात अडकू पण शकतं. मी दोन चमचे मोठ्या पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचे, ठेवलं की त्याची खळ होते आणि मग घशाखाली उतरत नाही, आणि त्याच्यावर अजून एक पेला पाणी. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यात वेळ सोडायची, एकत्र नाही घ्यायचं. पहिला आठवडा पोट फुगल्यासारखं, गॅस. नंतर बसलं.

स्नायू सैल करण्यासाठी क्रीम, डिल्टियाझेमचं, दोन टक्के. पाकिटावरचं नाव मी घरी येऊन शोधलं तर ते बीपीचं, हृदयाचं औषध निघालं, मी घाबरून फोन केला. त्या म्हणाल्या बरोबर आहे, ते स्नायू आणि रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणूनच लावायला देतो. निफेडिपिनचं पण येतं, नायट्रोग्लिसरीनचं पण येतं, त्या शेवटच्यानं बऱ्याच जणांचं डोकं खूप दुखतं. मी अंगावर पाजतेय हे मी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं आणि त्यांनी त्याचा विचार करून दिलं, पाजणाऱ्या किंवा गरोदर बाईनं आणि बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे मनानं मेडिकलमधून आणू नका. लावायचं कसं तर हरभऱ्याएवढं, बोटाला हातमोजा घालून, कडेला आणि अगदी जरासं आतल्या काठाला, दिवसातून दोनदा. नळी-बिळी काही नाही. आणि आठ आठवडे लावायचं. हा आकडा त्यांनी दोनदा सांगितला होता, मी ऐकला होता, तरी जे केलं ते पुढे सांगते.

आणि शेक. कोमट पाण्यात बसणं. औषधांइतकंच, किंवा माझ्या मते त्याहून जास्त, या एका गोष्टीनं मला जगवलं. कमोडवर ठेवायचा प्लास्टिकचा टब मिळतो पण आमच्याकडे कराडला भारतीय संडास, मग आईनं एक पसरट टब आणला, त्यात चार-पाच बोटं कोमट पाणी आणि त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, संडासहून आल्यावर लगेच आणि शिवाय दिवसातून दोनदा. मीठ नाही, तुरटी नाही, जंतुनाशक नाही, नुसतं पाणी. बाळाच्या अंघोळीचं पाणी आई जसं कोपर बुडवून बघायची तसंच माझं पण बघायची, आणि त्या पाण्यात बसलं की मिनिटभरात ती आतली मूठ हळूहळू सुटताना कळायची. डोळे मिटून बसायचे मी. बाहेर आई बाळाला खेळवत असायची, तिचा आवाज यायचा. नंतर मऊ सुती कापडानं टिपून घ्यायचं, घासायचं नाही. तिथे साबण लावणं मी बंद केलं, पुण्यातल्या बाथरूममधला तो जेट पण जोरात मारायचा बंद केला, मगानं पाणी.

दुखतंय म्हणून कडक पेनकिलर मागायचा मोह होतो. काही गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या, दुखणं थांबवतात पण पोट बांधून टाकतात, आणि पाजणाऱ्या बाईला तर त्या शक्यतो देत नाहीत. मला साधी पॅरासिटामॉल दिली होती आणि बधीर करायची लिग्नोकेनची जेली, संडासला जायच्या जरा आधी लावायला. पहिले दहा दिवस त्या जेलीचा आधार फार होता, मला वाटतं औषधापेक्षा धीराचा जास्त. लोहाची गोळी त्यांनी बंद केली नाही, बदलून दिली आणि एक दिवसाआड केली. ती स्वतःहून सोडू नका.

घरी जेवणाचं सांगणं हा वेगळाच प्रश्न. मावशीपुढे डॉक्टरांचं नाव काढलं की ती गप्प बसायची पण मनातून तिला पटायचं नाही आणि मला तिचं मन मोडायचं नव्हतं. शेवटी आईनं मार्ग काढला. बाळंतशोपा घालून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरून माझ्या उशाशी, दर वेळी बाळाला पाजायला घेतलं की एक पेला प्यायचा. शोपाचं पाणी म्हटल्यावर मावशीची हरकतच नव्हती, उलट ती स्वतः भरून द्यायची. दिवसाला आठ-दहा वेळा पाजणं व्हायचं, तेवढे पेले आपोआप पोटात गेले. भाताऐवजी एका वेळेला ज्वारीची भाकरी, दूधात कुस्करून सुद्धा चालते. दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, या भाज्यांना तिचा विरोध नव्हता, त्या रोज. मुगाचं वरण सालीसकट. पपई मात्र तिनं शेवटपर्यंत खाऊ दिली नाही, मग मी रात्री भिजवलेल्या मनुका आणि अंजीर खायचे. हिरव्या मिरचीचा ठेचा आमच्याकडे पानात असतोच, तो मी तीन महिने शिवले नाही, तिखट खाल्लं की दुसऱ्या दिवशी जाताना आग व्हायची हा माझा रोजचा अनुभव होता.

बसायची पद्धत पण बदलावी लागली. पुण्यात कमोड आहे, तिथे पायाखाली पाट घेतला, गुडघे कंबरेच्या वर यायला हवेत, थोडं पुढे वाकून, कोपर मांडीवर. उकिडवं बसल्यासारखं झालं की आतली वाट सरळ होते आणि कुंथावं लागत नाही. कुंथायचं नाहीच. भावना आली की जायचं, अडवायचं नाही, आणि आली नाही तर वाट बघत बसून राहायचं नाही, पाच मिनिटं, नाही झाली तर उठायचं. मोबाईल बाहेर. मला सकाळी गरम पाणी आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासात भावना यायची, पोटात काही गेलं की आतडं हलतं म्हणतात ते खरंच, मग ती वेळ मी ठरवून टाकली, त्या वेळेला बाळाला आई नाहीतर नवरा घेणार हे घरात सगळ्यांना माहीत. आणि श्वास. पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायचा आणि सोडताना खालचा भाग सैल सोडायचा. भीतीनं मी आधीच आवळून बसायचे, हे मला मॅडमनी दाखवून दिल्यावर कळलं.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं. एक दिवस सकाळी गेले आणि काहीच झालं नाही. परत येऊन आईच्या गळ्यात पडून रडले. चार-पाच दिवस असेच गेले आणि मी क्रीम लावायचं सोडून दिलं.

हीच ती गोष्ट जी मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचीय. दुखणं आधी थांबतं, चीर नंतर भरते. मधले ते चार-पाच आठवडे आपल्याला वाटतं आपण बरे झालो आणि आत अजून कोवळी कातडी आलेली असते, कागदासारखी पातळ. मी मार्चच्या सुरुवातीला पुण्याला यायला निघाले, बाळ घेऊन गाडीनं, वाटेत हायवेवर टॉयलेटला जायला नको म्हणून सकाळपासून पाणीच प्यायले नाही. पुण्यात आल्यावर सामान लावणं, बाळाच्या झोपेची वेळ बिघडलेली, इसबगोलचा डबा कराडला राहिलेला. दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि पुन्हा तेच, काच, रक्त, आणि चार तास. सासूबाई बाहेरून विचारत होत्या काय झालं, बरी आहेस ना, आणि मी आत भिंतीला डोकं टेकून बसले होते. पहिल्यांदा झालं तेव्हापेक्षा हे मनाला जास्त लागलं. वाटलं आता हे आयुष्यभर असंच.

नवऱ्यानं त्या दिवशी सुट्टी टाकली. पुण्यातल्या सर्जनना दाखवलं, त्यांनी पण तीच औषधं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि स्पष्ट सांगितलं की आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे, आणि इसबगोल, पाणी, भाजी हे त्यानंतरही चालू. ऑपरेशन करावं लागेल का विचारलं. ते म्हणाले क्रीमनं भरलं नाही तर बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन स्नायू काही महिने सैल करता येतो, आणि ऑपरेशनमध्ये आतल्या स्नायूचा थोडासा भाग बाजूनं कापतात, त्यानं दहातल्या नऊपेक्षा जास्त लोकांची चीर भरते, पण काही जणांना नंतर गॅस किंवा पातळ शी रोखायला त्रास होऊ शकतो, आणि नॉर्मल डिलिव्हरीत त्या भागावर आधीच ताण पडलेला असतो म्हणून तुमच्या बाबतीत घाई करायची नाही. मला ते पटलं. ज्यांना ऑपरेशन सांगितलंय त्यांनी त्याला राक्षस समजू नये, माझ्या ओळखीच्या एका ताईंनी दोन वर्षं काढली आणि मग ऑपरेशन केलं, त्या म्हणतात त्याच दिवशी तो ठणका गेला, उगाच दोन वर्षं सोसलं.

या वेळी मी कॅलेंडरवर लिहीत गेले. क्रीम सकाळ, क्रीम रात्र, शेक, इसबगोल, किती पेले पाणी, दुखलं का, किती वेळ. हे लिहिल्यामुळे एक दिसलं की सरळ रेषेत बरं वाटत नाही, चार दिवस छान आणि मध्येच एक दिवस वाईट, पण ठणक्याचे तास मात्र हळूहळू उतरत होते, चार तास, दीड तास, वीस मिनिटं. वाईट दिवस आला की आधी सगळं संपलं असं वाटायचं, मग मागची पानं बघायचे. बाळाला मी कुशीवर झोपून पाजायला शिकले, बसून पाजलं की खाली दाब यायचा. नवरा रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी टबात पाणी काढून ठेवायचा, न सांगता. सासूबाईंना मी शेवटी सांगितलं तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या मला पण झालं होतं गं, याच्या वेळेला, आमच्या वेळी कोणाला सांगायचं. पस्तीस वर्षं त्यांनी ते कोणाजवळ बोललेलं नव्हतं.

मे महिन्याच्या मध्यावर दाखवायला गेले तेव्हा चीर भरली होती. बाहेरच्या बाजूला एक छोटासा कातडीचा कोंब राहिलाय, जुन्या चिरेच्या टोकाला असा येतो, मी त्याला मूळव्याध समजून पुन्हा घाबरले होते, त्यांनी सांगितलं त्याला काही करायचं नाही. आता लेक दीड वर्षाची होत आलीय. इसबगोल अजून चालू आहे, एकच चमचा, आणि प्रवासाला निघताना तो डबा पर्समध्ये असतो, पाणी प्यायचं टाळत नाही, हायवेवर थांबायचं असेल तर थांबतो.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नका. ताप, सूज, पू, त्या जागी गरम गाठ, हे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्त गडद असेल किंवा शी मध्ये मिसळून येत असेल, वजन उतरत असेल, पोट दुखून वारंवार जुलाब होत असतील, चीर मधोमध नसून बाजूला असेल किंवा एकाहून जास्त असतील, तर कारण वेगळं असू शकतं, आतड्याला सूज, टीबी असं काहीही, ते तपासावं लागतं. पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढे रक्त गेलं तर मूळव्याध असेल म्हणून घरी बसू नका, दुर्बिणीची तपासणी सांगितली तर करून घ्या. आणि सहा-आठ आठवड्यांत भरत नसेल तर पुन्हा जा.

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला, तिला बाळ होऊन तीन आठवडे झालेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली ताई टाके अजून दुखतायत गं, बसवत नाही. मी विचारलं संडासला जाऊन आल्यावर जास्त दुखतं का. ती गप्प झाली. किती वेळ दुखतं विचारलं. खूप वेळानं म्हणाली, दुपारपर्यंत. मी तिला सांगितलं उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, आणि बोलता आलं नाही तर कागदावर लिहून ने, दुखतं कधी, किती तास, रक्त किती, किती दिवस झाले, अंगावर पाजतेस ते पण लिही. ती म्हणाली थांब, पेन घेते.